तालमीबाहेरची मेहनत: पुण्यातील एका स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग केंद्राचे परीक्षण

पुण्याच्या पश्चिम उपनगरात लढतीच्या खेळांतील खेळाडूंसाठी एक स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग केंद्र, म्हणजे ताकद आणि दमसास वाढवण्याचे केंद्र, चालते. त्याचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम मुळशीकडच्या आमच्या तालमीतील तीन पैलवानांनी आणि ज्युदो खेळणाऱ्या एका मुलीने गेल्या पावसाळ्यात पूर्ण केला. तालमीत मुलांच्या मेहनतीकडे पाहण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्यांच्यासोबत मीही तिथे जात होतो आणि तिथल्या प्रशिक्षकांनी मला भिंतीकडेला बसून वही भरण्यास आडकाठी केली नाही. केंद्राचे नाव इथे देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक शहरातील अशा इतर केंद्रांनाही लागू पडतील असा माझा अंदाज आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. ताकदीचे काम इथे मनापासून आणि जाणतेपणाने होते, दमसासाचे काम बेताचे आहे, आणि खेळाडू कोणत्या वजनी गटात लढतो याची आठवण तिथल्या मंडळींना पुन्हापुन्हा करून द्यावी लागते.

तालीम असताना बाहेर पैसे भरून मेहनत कशाला, हा प्रश्न आमच्या वस्तादांनीही विचारला होता आणि तो रास्त आहे. जोर, बैठका, सपाट्या, दोर, मुदगल, गदा आणि हौद्यातली माती फावड्याने खोदून मऊ करणे या मेहनतीने खांदे, कंबर, मांड्या आणि पकड यांना जो चिवटपणा येतो, तो कोणत्याही यंत्राने लवकर येत नाही. तथापि या सर्व मेहनतीत भार जवळजवळ ठरलेला असतो, म्हणजे स्वतःच्या अंगाचा. वाढवता येते ती केवळ संख्या. शेकडो बैठका मारणाऱ्या मुलाच्या मांड्या एका मर्यादित भाराला दीर्घकाळ पुरून उरतात, परंतु एकदाच, पूर्ण जोर लावून, अंग जड करून पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला चटईवरून उचलण्याची ताकद त्या संख्येतून ठरावीक मर्यादेपलीकडे वाढत नाही. दुहेरी पट (दोन्ही पाय धरण्याचा डाव) मिळाला, कंबरेला मिठीही पडली, आणि तरीही समोरचा उचलला गेला नाही, हे दृश्य आमच्या तालमीत नित्याचे होते. तेवढ्याच उणिवेसाठी आम्ही या केंद्राची पायरी चढलो.

पहिल्या दिवशी कोणालाही व्यायाम दिला गेला नाही, चाचण्याच घेतल्या गेल्या, आणि ही गोष्ट मला आवडली. जंप मॅटवर उभी उडी मोजली गेली, दोन्ही हातांची पकड मोजली गेली, ट्रॅप बारवर (ज्याच्या चौकटीत उभे राहून वजन उचलतात असा बार) सलग तीन वेळा उचलता येईल असे जास्तीत जास्त वजन शोधले गेले, घोटा, खुबा आणि खांदा किती फिरतो हे पाहिले गेले आणि जुन्या दुखापती विचारून लिहून घेतल्या गेल्या. ९२ किलो गटातील आमच्या पैलवानाचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता, ही गोष्ट तो तालमीत कधी बोललेला नव्हता; इथे हात डोक्यावर नेताना त्याने मान वाकडी केली आणि प्रशिक्षकांच्या ती लगेच लक्षात आली. त्यानंतर संपूर्ण कार्यक्रमात त्याला डोक्यावर बारबेल ढकलायला दिले नाही. त्याऐवजी एक टोक जमिनीला टेकवलेला बार तिरपा ढकलण्याचा व्यायाम दिला, ज्यात खांद्यावर ताण कमी येतो आणि हात पुढे रेटण्याची क्रिया कुस्तीच्या जवळची राहते.

चाचण्यांतली एक गोष्ट मात्र खटकली. दमसास मोजण्यासाठी पैलवानांना वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये शिट्टीच्या तालावर धावायला लावले. धावण्याची सवय असलेला मुलगा या चाचणीत उजळून निघतो, परंतु खडाखडीत, मानेवर हात पडलेला असताना, पुढे रेटत राहण्याचा दम त्यात मोजला जात नाही. याउलट ज्युदोच्या मुलीसाठी त्यांनी त्या खेळाचीच चाचणी वापरली. दोन जोडीदार एकमेकांपासून सहा मीटरवर उभे राहतात, मधला खेळाडू आळीपाळीने धावत जाऊन त्यांना खांद्यावरून फेकतो, १५, ३० आणि ३० सेकंदांच्या तीन फेऱ्या होतात आणि मध्ये दहा-दहा सेकंदांची विश्रांती मिळते. चाचणी संपल्याक्षणीचे आणि एका मिनिटानंतरचे हृदयाचे ठोके यांची बेरीज करून तिला एकूण फेकींनी भागायचे. उत्तर जितके लहान तितका खेळाडू तयार. तिचे सुरुवातीचे उत्तर १४.२५ आले, म्हणजे २४ फेकी आणि १८२ व १६० ठोके. शेवटच्या आठवड्यात फेकी २६ झाल्या, ठोके १८० आणि १५२ राहिले आणि उत्तर १२.८ च्या खाली उतरले. हा आकडा तिच्या ज्युदोच्या प्रशिक्षकांना पाहताक्षणी समजला. पैलवानांसाठीही पटाच्या किंवा उचलीच्या फेऱ्यांवर अशीच चाचणी बांधता आली असती. जागा होती, चटई होती आणि फेकण्याचा चामडी पुतळाही कोपऱ्यात पडून होता.

ताकदीच्या कामाबद्दल विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या केंद्राची खरी किंमत तिथेच आहे. आठवड्यातून दोन दिवस ताकद, एक दिवस स्फोटक, म्हणजे झटक्यात जोर लावण्याचे, काम आणि दमसास अशी विभागणी होती. ताकदीच्या दिवशी मुख्य व्यायाम दोनच असत: एक पायांचा आणि कंबरेचा, दुसरा ओढण्याचा. ट्रॅप बार, पुढे खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट, वजन बांधून चिन-अप, आणि त्यांच्या जोडीला एका पायावरचे व मांडीच्या मागच्या स्नायूंचे काम. प्रत्येक फेरीत तीन ते पाच वेळाच वजन उचलायचे आणि मध्ये तीन मिनिटे थांबायचे. आमच्या मुलांना ही तीन मिनिटे सोसवेनात. घाम न गाळता उभे राहणे म्हणजे चुकारपणा, हा तालमीतला संस्कार त्यांच्या अंगात मुरलेला आहे, त्यामुळे सुरुवातीच्या काळात प्रशिक्षकांची पाठ फिरली की ती बैठका मारू लागत. जास्तीत जास्त ताकद वाढवायची असेल तर प्रत्येक फेरी ताज्या अंगाने व्हायला हवी, हे प्रशिक्षकांनी न रागावता, पुन्हापुन्हा समजावले. ७४ किलोच्या पैलवानाची तीन उचलींची मर्यादा १२५ किलोवरून १५० किलोवर गेली, आणि अंगाचे वजन वाढले नाही. मैदानात त्यामुळे काय फरक पडला हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण त्याच काळात त्याने डावांवरही मेहनत घेतली होती. पण तालमीतल्या लढतीत कंबरेची मिठी पडल्यावर समोरच्याचे पाय आता जमिनीवरून सुटतात.

एका दुपारचा प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. प्रत्येक वेळी व्यायामापूर्वी तीन उड्या मोजण्याची तिथे पद्धत आहे. ७४ किलोच्या या मुलाची उडी एरवी ३८ सेंटिमीटरच्या आसपास असे, त्या दिवशी ती ३३ वर अडकली. प्रशिक्षकांनी बारवर लावलेल्या चकत्यांकडे पाहिले आणि विचारले, “पैलवान, सकाळी तालमीत काय झालं?” “लढती झाल्या, सर. मग सपाट्या.” “किती लढती?” “मोजल्या नाहीत, वस्ताद थांबा म्हणेपर्यंत.” त्यावर त्यांनी कसलेही व्याख्यान न देता दोन्ही बाजूंच्या मोठ्या चकत्या काढल्या, फेऱ्या पाचावरून दोनावर आणल्या आणि उरलेला वेळ खुब्याच्या हालचालींना दिला. माझ्या मते या व्यवसायातला जाणकार आणि नुसता यंत्रे मांडून बसलेला माणूस यांच्यातला फरक इथे दिसतो. पैलवान केंद्रात येतो तेव्हा तो कोऱ्या अंगाने येत नाही. पहाटेची मेहनत पोटऱ्यांत आणि कंबरेत साठवून येतो. त्या मेहनतीवर दुसरी मेहनत लादणे कोणालाही जमते. किती लादायची नाही, हे ठरवायला शिक्षण लागते.

दुर्दैवाने ही नजर त्या एका प्रशिक्षकांपुरतीच होती, केंद्राच्या पद्धतीत ती उतरलेली नव्हती. ते रजेवर असले की त्यांच्या जागी येणारा तरुण कागदावर लिहिलेला भार तसाच चढवत असे, उडी ३३ येवो की ३०. मेहनतीची नोंद ठेवण्याची व्यवस्था आहे: मेहनत किती जड वाटली याला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. ही रीत जगभर वापरली जाते, तिला खर्च नाही आणि ती बऱ्यापैकी भरवशाचीही आहे. परंतु इथे ती केवळ केंद्रातल्या तासापुरती वापरली जात होती. केंद्रातली साठ मिनिटे आणि सहा गुण म्हणजे ३६०. त्याच दिवशी पहाटे तालमीत नव्वद मिनिटे आणि आठ गुण म्हणजे ७२०. दुपटीचा आकडा वहीबाहेर ठेवून आठवड्याचा आलेख काढला, तर तो रंगीत दिसेल, उपयोगाचा ठरणार नाही. त्यातही नोंदीचा अर्ज मोबाइलवर आणि संपूर्ण इंग्रजीत होता. आमच्या मुलांनी पहिल्या आठवड्यातच त्यावर तोडगा काढला आणि रोज सात हा आकडा भरायला सुरुवात केली. मी मराठीत चार प्रश्न लिहून दिले: झोप कशी झाली, अंग किती दुखते, सकाळी काय केले, भूक लागते का. ते स्वीकारले गेले, पण शेवटपर्यंत अर्जात मात्र आले नाहीत.

वजनी गटाचा विसर हा यापेक्षा गंभीर दोष आहे. ५७ किलो गटातील आमच्या मुलाला सुरुवातीचे चार आठवडे दहा ते बारा उचलींच्या फेऱ्या दिल्या गेल्या. पाया घालण्यासाठी अशा फेऱ्या देतात हे मान्य, आणि ज्याला गट बदलून वर जायचे आहे त्याला त्या उपयोगीही पडतात. मात्र दहा-बारा उचलींच्या फेऱ्यांनी स्नायूंचा आकार वाढतो, हे या क्षेत्रातील प्राथमिक ज्ञान आहे, आणि ज्याला काट्यावर ५७ किलोच भरायचे आहेत त्याच्या दृष्टीने वाढलेला प्रत्येक किलो पुढे उपासाने फेडावा लागतो. मुलगा खुशीत होता, आरशात दंड भरलेले दिसत होते, आणि काटा अडीच किलो वर गेला होता. विचारल्यावर “हा चांगला भाग आहे” असे उत्तर मिळाले. गट कोणता, तो बदलायचा आहे का, काट्यावर कधी उभे राहायचे आहे, हे प्रश्न चाचण्यांच्या दिवशीच विचारायला हवे होते. पाचव्या आठवड्यापासून त्याचे काम तीन-चार उचलींवर आणले गेले आणि मग वजन स्थिरावले.

कुस्तीत या गोष्टीला आता पूर्वीपेक्षा जास्त धार आली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २०१८ पासून वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच घेतले जाते, आणि एकेका गटाच्या लढती दोन दिवस चालत असल्याने दुसऱ्या सकाळी ते पुन्हा भरावे लागते. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगाट यांचे वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरीत पोहोचूनही त्यांना अपात्र ठरवले गेले, हे आपण सर्वांनी पाहिले. या पार्श्वभूमीवर केंद्राच्या दर्शनी फलकावर “शेवटच्या पाच दिवसांत वजन उतरवा” असा स्वतंत्र शुल्काचा प्रकार पाहून मला आश्चर्य वाटले. अंगातले पाणी घालवून काटा गाठणे आणि त्यानंतर दोन तासांनी लढणे यांत धोका किती आहे, हे तिथल्या जाणकार प्रशिक्षकांना माहीत होते आणि त्यांनी आमच्या मुलांना त्या फलकापासून दूरच ठेवले. फलक मात्र अजून तिथेच आहे.

दमसासाच्या तासांकडे वळू. चटईवरच्या कुस्तीत मोठ्यांसाठी तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंद असतात. १७ वर्षांखालील मुलांसाठी फेऱ्या दोन मिनिटांच्या. ज्युदोची लढत चार मिनिटांची, आणि बरोबरी राहिली तर निकाल लागेपर्यंत. हौशी मुष्टियुद्धात तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये साधारणतः पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. एकेक झडप काही सेकंदांची असते आणि तिच्यासाठी स्नायूंत साठवलेले इंधन पुरते. मात्र ती संपल्यावर पुढची झडप तितक्याच जोराची व्हावी, यासाठी लागणारी भरपाई प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेकडून होते. म्हणून दमसासाचा पाया संथ आणि लांब कामाने घालायचा आणि लढतीच्या जवळ येताना खेळाच्या वेळेशी जुळणारे तीव्र काम वाढवायचे, असा क्रम असायला हवा. इथे पहिल्या आठवड्यापासूनच सगळ्यांना एकाच मापाने पंख्याच्या सायकलवर आणि वजनाच्या ढकलगाडीवर पिळून काढले जात होते. मुष्टियोद्धा, पैलवान आणि वजन उतरवायला आलेले गृहस्थ एकाच घड्याळावर पळत होते.

त्या घड्याळाला तिथे ताबाता म्हणतात. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या प्रयोगात सायकलवर २० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या होत्या, आणि कामाची तीव्रता जास्तीत जास्त प्राणवायू वापराच्या पातळीच्या १७० टक्के ठेवली होती. तेवढ्यात खेळाडू पार गळून जात. त्यामुळे सलग अर्धा तास वीस-दहाच्या तालावर दोरीउड्या आणि जोर करवून घेतले, तर तो घाम काढण्याचा एक प्रकार झाला, एवढेच म्हणता येते. उंचावरच्या विरळ हवेचा अनुभव देणारे म्हणून विकले जाणारे मुखवटेही काहींच्या तोंडावर होते. ते श्वास घेताना अडथळा निर्माण करतात. हवेतला दाब त्यांच्यामुळे बदलत नाही, आणि म्हणून डोंगरावर राहिल्याने रक्तात जो बदल होतो तो यातून होत नाही. आमच्या मुलांना हौस होती. मी ती पुरवली नाही.

मातीच्या कुस्तीचा विचार तर या तासांत कोणीच केला नव्हता. जत्रेच्या मैदानात गुणफलक नसतो, चितपट झाल्याशिवाय निकाल नाही, आणि मोठी जोड असली की पंच वेळ वाढवत राहतात, त्यामुळे लढत वीस-पंचवीस मिनिटेही चालू शकते. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींतील विजेते गदेसाठी एकमेकांशी लढतात, म्हणजे एकाच पैलवानाला दोन्ही प्रकारांचा दम लागू शकतो. सहा मिनिटांत तीव्र झडपा घालणारा आणि अर्धा तास समोरच्याला रेटत थकवणारा असे दोन वेगळे खेळाडू एकाच अंगात घडवायचे असतात. प्रशिक्षकांना हे सांगितल्यावर त्यांनी उत्सुकतेने ऐकले, दुसऱ्या आठवड्यात तालमीतही आले, हौद्यात उतरून माती हातात घेऊन पाहिली, आणि वस्तादांशी तासभर बोलले. त्यानंतर ९२ किलोच्या पैलवानासाठी त्यांनी आठवड्यातून एकदा कमी तीव्रतेचे, चाळीस मिनिटांचे रेटण्या-ओढण्याचे काम बसवले. अशी तयारी फार थोडे लोक दाखवतात.

ताकद आणि दमसास एकाच वेळी वाढवू पाहणाऱ्यांना एक जुनी अडचण येते. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली दहा आठवड्यांच्या प्रयोगात दाखवले होते की दोन्ही प्रकारचा भरपूर व्यायाम एकत्र करणाऱ्यांची ताकद काही आठवडे वाढते, मग थांबते आणि शेवटी थोडी उतरूही लागते. तालमीतला पैलवान मुळातच रोज दोन्ही वेळा दमाची मेहनत करतो. म्हणून केंद्रात त्याला दमसासाचा तास द्यायचा की नाही, हाच प्रश्न आधी विचारायला हवा. मी सातव्या आठवड्यापासून ५७ आणि ७४ किलोच्या मुलांना त्या तासातून काढून घेतले, शुल्क पूर्ण भरलेले असूनही.

वर्षाच्या आखणीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. केंद्राचा आराखडा एका मोठ्या स्पर्धेवर बांधलेला आहे: पाया, ताकद, स्फोटकता, शिखर. ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धा खेळणाऱ्या मुष्टियोद्ध्याला किंवा ज्युदोपटूला तो चालतो. आमच्याकडे बहुतेक मैदाने पावसाळ्यात थांबतात, दिवाळीनंतर सुरू होतात आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांमुळे पैलवान आठवड्यात दोन-तीन ठिकाणी लढतो. इनामाच्या रकमेवर त्याच्या खुराकाचे गणित अवलंबून असल्यामुळे “या आठवड्यात लढू नकोस” हा सल्ला ऐकायला चांगला, पाळायला अशक्य असतो. अशा काळात आठवड्यातून एकदा, वीस-पंचवीस मिनिटे, दोनच जड व्यायाम करून मिळवलेली ताकद राखणे एवढेच शक्य असते, आणि तेवढे पुरतेही. केंद्राकडे असा टिकवणुकीचा छोटा प्रकार नाही. तीन महिन्यांचे पूर्ण शुल्क भरा, नाहीतर येऊ नका, असा मामला आहे.

साधनसामग्री चांगली आहे, बार सरळ आहेत, चकत्यांची वजने खरी आहेत आणि फरशीवर रबर जाड आहे. मानेच्या व्यायामासाठी पट्टे आहेत आणि त्यांचा वापर सावकाश, सर्व दिशांनी शिकवला जातो. आमच्याकडे डोक्यावर पूल घालून मान घोटण्याची जी घाई असते तिच्यापेक्षा लहान मुलांसाठी हे बरे. पकडीसाठी मात्र तालमीतला दोर आणि मल्लखांब यांना तोड नाही. पोलादी गदा म्हणून जो दांडा तिथे काचेच्या कपाटात विक्रीला ठेवला आहे त्याच्या किमतीत आमच्याकडे लाकडी मुदगलांची एक जोडी आणि वर तुपाचा डबा येईल.

विक्रीचा विषय निघालाच आहे तर तोही संपवतो. नोंदणीच्या टेबलाशेजारी पावडरींचे डबे रचलेले आहेत आणि दर पंधरा दिवसांनी आहाराच्या चर्चेच्या निमित्ताने ते दाखवले जातात. ७४ किलोच्या पैलवानाला दिवसाला किलोमागे १.८ ग्रॅम धरले तर सुमारे १३३ ग्रॅम प्रथिने लागतात. दीड लिटर दूध, सहा अंडी आणि पाव किलो चिकन एवढ्यात ती गरज भागते, आणि डाळ-भाकरीतले वेगळेच. आमच्या खुराकात उणीव असेल तर ती भाज्यांची आणि वेळेवर जेवण्याची आहे. याहून महत्त्वाचे असे की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा उत्तेजकविरोधी नियमांचा पाया आहे. डब्यात भेसळ होती ही सबब ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेसमोर त्याला सहजी वाचवत नाही. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलांना अशा टेबलाजवळून नेताना केंद्राने अधिक जबाबदारीने वागले पाहिजे. आम्ही एकही डबा घेतला नाही, आणि त्यामुळे वागणुकीत काही फरक पडला नाही हेही नमूद करतो.

शुल्क महिन्याला साडेचार हजार रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. एका प्रशिक्षकामागे सहा खेळाडू असे सांगितले जाते. दुपारी ते खरे असते. चुकलेला तास पुढे ढकलून मिळत नाही, दुखापत झाली तरीही, आणि हा नियम बदलायला हवा. कपडे बदलण्याची खोली मुलींसाठी वेगळी आणि स्वच्छ आहे. घामेजलेल्या अंगाने चटईवर झोपून व्यायाम होतात, पण चटया दिवसातून एकदाच पुसल्या जातात. कुस्ती-ज्युदो खेळणाऱ्यांत गजकर्ण किती लवकर पसरते हे ठाऊक असणाऱ्याला ही गोष्ट किरकोळ वाटणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात ७४ आणि ९२ किलोचे पैलवान आणि ज्युदोची मुलगी यांना पुन्हा पाठवण्याचे ठरले आहे, ५७ किलोच्या मुलाला मात्र त्याचा आराखडा आधी कागदावर पाहिल्याशिवाय पाठवणार नाही. ज्याला बारबेल नवीन आहे, ज्याचा हंगाम अजून दूर आहे आणि ज्याचे वस्ताद किंवा प्रशिक्षक केंद्राशी फोनवर बोलायला तयार आहेत, त्याने इथे जरूर जावे. ज्याला केवळ दम वाढवायचा आहे त्याने तालमीतच लढती वाढवाव्यात, पैसे वाचतील. नाव नोंदवताना दुपारी तीन ते पाच ही वेळ मागून घ्यावी. संध्याकाळी सहानंतर एकाच ट्रॅप बारसमोर रांग लागते आणि तीन मिनिटांची विश्रांती आठ मिनिटांची होऊन बसते.